पाऊस आहे, आंबा आहे, जमीन आहे, तरी कोकणातलं गाव रिकामं का?

कातळकर

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला की शाळा बहुतेक बंद होणार, पटावर चार पोरं राहिलीत. लगेच मुंबई-ठाण्याच्या मंडळींचे रडके इमोजी सुरू. त्यातल्या एकाचाही मुलगा त्या शाळेत जाणार नाहीये, माझाही नाही, मी बदलापूरला राहतो, तेव्हा तो विषय सोडा.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. माण-खटाव किंवा बीडकडचा माणूस दुष्काळ म्हणून घर सोडतो ते समजतं. आमच्याकडे तर वर्षाला तीन-साडेतीन हजार मिमी पाऊस पडतो, आंबा काजू नारळ सुपारी, समोर समुद्र. आणि तरी 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीपण घटली. म्हणजे जन्माला येणाऱ्यांपेक्षा गाडीत बसणारे जास्त.

मला कारणं हवीत. "कोकणाचा विकास झाला नाही" हे एक वाक्य टाकून कोणी निघून जाऊ नका प्लीज, ते मीही चहाच्या टपरीवर बोलतो.

वरकस

पावसाचे आकडे बघून फसायचं नाही हो. पाऊस पडतो आणि कातळावरून, डोंगरउतारावरून धावत समुद्राला जाऊन मिळतो, थांबतो कुठे? शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसतो आणि मे महिन्यात टँकर. खाचरात भाताचं एक पीक, वर वरकसात, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत, नाचणी-वरी, तीही आज या तुकड्यात तर पुढची काही वर्षं तो तुकडा पड ठेवायचा. एका पिकावर सहा माणसांचं कुटुंब आठ महिन्यांच्या वर ओढत नाही, उरलेले चार महिने काय खायचं हा प्रश्न आमच्या पणजोबांपासून आहे.

आणि "जमीन आहे" म्हणता, कोणाची होती ती? अख्खं गाव खोताचं, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं. कूळ राबणार, पिकाचा अर्धा वाटा खोताच्या वाड्यावर नेऊन घालणार, वर वेठ आहेच, खोताच्या घरचं लग्न असो की गवताचा भारा असो. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ला जमीन कसायचीच नाही असा संप केला तो सहा वर्षं चालला. 1937 ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं, 38 च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. कायदा व्हायला 1949 उजाडलं. तोपर्यंत तीन पिढ्या मुंबईला जाऊन स्थिर झाल्या होत्या. ज्या मातीत कष्ट आपले आणि रास दुसऱ्याची, तिथून माणूस निघतोच, पाऊस कितीही पडो.

बांद्याचो_झील

आमच्याकडे कारण बिरण कोण इचारता? झील धावी-बारावी झालो काय मुंबयक धाडूचो, ह्या ठरलेला. नाय गेलो तर लोका इचारतत "काय रे, नापास झालंय काय?" गावात रवणाऱ्याक काय किंमतच नाय.

शिवडी_नाका

वरकस यांचं बरोबर आहे पण अर्धंच. गरिबी आणि खोती तर विदर्भाच्या टोकालाही वेगळ्या नावाने होतीच की. मग गिरणगावात एवढा कोकणीच का भरला? कारण माणूस उपाशी आहे म्हणून जात नाही, तिकडे कोणीतरी आपला बसलेला आहे म्हणून जातो. अगदी कंगाल माणसाला तर बोटीचं भाडंही परवडत नाही, तो गावातच मरतो.

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 ला स्थापन झाली, पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ-लालबाग भरून गेलं. गिरणीत भरती कोण करायचा? मालक नाही, जॉबर. जॉबर आपल्या गावचे, आपल्या भावकीतले लोक आणणार. आधी 'बदली' म्हणून लागायचं, म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत. ज्या दिवशी आत घेतलं नाही त्या दिवशी जेवायचं काय? तर खानावळीवाली मावशी गावची, ती उधारीवर वाढते, कारण तिला माहितीये हा कोणाचा मुलगा.

आणि गावकीच्या खोल्या! माझे आजोबा ज्या खोलीत उतरले ती अजून गावाच्या नावावर आहे. दहा बाय बाराची खोली, भिंतीला सगळीकडून फळ्या, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी, बस एवढीच प्रॉपर्टी. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे, बाकीचे गॅलरीत, पावसाळा नसेल तर फुटपाथवर. महिन्याची वर्गणी, मयत फंड वेगळा, दारू पिऊन आलास तर दंड, भांडण झालं तर रविवारी मीटिंग. गावची पंचायतच उचलून शिवडीत आणून ठेवलेली. नवीन पोरगा एसटीतून किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरला की त्याला मुंबईचा एकच पत्ता पाठ असायचा, या खोलीचा. ही खोली नसती तर कोकणातून निम्मी माणसंसुद्धा आली नसती हे माझं ठाम मत.

मंडणगड_लोकल

शिवडी_नाका, छान लिहिलंय, पण "आपल्या भावकीतले" यातच गोम आहे. आमच्या लोकांना त्या खोल्यांत जागा नव्हती. आमच्या वेगळ्या चाळी, वेगळ्या खोल्या, नळ पण वेगळा.

आमच्या बाजूला सगळ्यात आधी बाहेर पडण्याची वाट होती पलटणीची. महार मंडळी कंपनी सरकारच्या काळापासून सैन्यात, दापोलीला कॅम्प, म्हणून आजही पेन्शनर लोकांच्या वस्त्या तिकडे. आंबडवे आमच्याच तालुक्यात, रामजी सकपाळ सुभेदार पदावर निवृत्त झाले हे सगळ्यांना माहीत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी भरतीच बंद केली तेव्हा दुसरी वाट धरली, गोदी, रेल्वे, गिरणी. आणि गिरणीत काय? विणखात्यात प्रवेश नाही. मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, मग उष्टं कसं चालेल म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. विणखात्यात पगार चांगला, आमची माणसं कमी पगाराच्या खात्यात.

तरी पण आली. का आली ते सांगतो. मुंबईत खड्ड्यात राहिलो तरी सकाळी मेलेलं गुरं ओढायला कोणी हाक मारत नव्हतं. माझी आजी म्हणायची, "गावाला पोट भरलं असतं तरी मी आली असती." कातळकर, तुमच्या यादीत हे कारण वरच्या नंबरला टाका. "गाव सुटलं" म्हणून हळहळणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, कोणाचं गाव?

कातळकर

@मंडणगड_लोकल, टाकलं. आणि तुमचा शेवटचा प्रश्न मला जरा लागला, लागायलाच हवा.

बाणकोट_खाडी

आमच्या मोहल्ल्याचं पण ऐका. आम्ही कोकणी मुसलमान, घरात कोकणी बोलतो, भात-आमटी-मासे तेच. आमच्याकडची माणसं पूर्वीपासून आगबोटीवर, खलाशी, इंजिनात कोळसा टाकणारे, भंडारी म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी. त्यातले काही शंभर वर्षांपूर्वीच केपटाऊनला उतरून तिथेच राहिले, तिकडे आजही कोकणी जमात आहे, त्यांच्या लोकांना आपल्या मूळ गावांची नावं माहीत असतात. मग 1973 नंतर तेलाचे भाव वाढले, गल्फमध्ये बांधकामं निघाली आणि खाडीकाठचा एकेक मोहल्ला दुबई, कुवेत, सौदीला गेला. मुंबई आमच्यासाठी फक्त पासपोर्ट आणि मेडिकलपुरती.

शिवडी_नाका म्हणतात ते आमच्यात शंभर टक्के. व्हिसा कोण पाठवणार? मामा. मामाने एकाला नेलं, त्याने मेव्हण्याला, त्याने शेजाऱ्याला. बाजूच्या मोहल्ल्यात कोणाचा मामा तिकडे नव्हता तो मोहल्ला अजून मासे विकतो. गरिबी दोन्हीकडे सारखीच होती.

आता येऊन बघा, गुळगुळीत टाइल्सचे दोन मजली बंगले, आणि आत एक म्हातारी आणि तिला सांभाळणारी बाई. बाकीच्या खोल्यांना कुलूप.

बालाघाट

कोकणवाल्यांच्या गप्पात घुसतो, राग मानू नका. मी पाटोद्याकडचा. आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या पुढं गावं रिकामी होत्यात ती पाडव्यापर्यंत. ऊसतोड. सांगली कोल्हापूर, कर्नाटकात निपाणी बेळगावकडं.

तुमचं आमचं एक साम्य हाय, तुमचा जॉबर तसा आमचा मुकादम. पण तुमचा माणूस मुंबईला पैसे कमवून मनीऑर्डर करायचा, आमचा आधी पैसे घेतो आन मग फेडायला जातो. उचल म्हणत्यात तिला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याला कोणी उचल देत नाही, म्हणून पोरापोरींची लग्नं लवकर उरकायची. उचल घेतली ती लग्नात, दवाखान्यात, बोअर मारण्यात गेली, आता सहा महिने पाचटात. पहाटं फडात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घिऊन गाडी भरायची, गाडी रात्री अकराला आली तरी भरायची. खाडा झाला तर दंड. बाळंतपण झालं तरी दंड, पाळीत दुखलं तरी दंड, म्हणून बायांनी गर्भाच्या पिशव्याच काढून टाकल्या. 2019 ला पेपरात आलं तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, आमच्याकडं कुणालाच बसला नाही.

2024 च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर 34 टक्के वाढला, टनाला 366 रुपये झाला. चांगलंच झालं. पण आमच्या भागातला माणूस ऊस तोडायला जातो आन पाणी तिकडंच ऱ्हातंय, हा हिशेब कोण करणार? ऊस पिकायला पाणी, साखर कारखान्यावर आमदारकी, आन आमच्या वाट्याला कोयता.

वरकस

बालाघाट, राग कशाला, हेच तर हवं होतं. मला एक दिसतंय, तुमच्याकडे माणसं परत येतात कारण उचल फेडून झाली की तिकडे ठेवूनच घेत नाहीत. आमच्याकडे पण सुरुवातीला पुरुष लावणीला, गणपतीला, शिमग्याला यायचे, गिरणीतून रजा मारून. कायमचं जाणं हे नंतरचं.

उंबरठा

सगळ्या पुरुषांनी "माणसं गेली, माणसं गेली" लिहून झालं असेल तर बोलते. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1136 बायका होत्या, राज्यात सर्वात जास्त. कौतुकाने पेपरात छापलं होतं, कोकणात स्त्रीचा सन्मान वगैरे. अहो, पुरुष मुंबईत मोजले गेले, एवढंच आहे ते.

गाव रिकामं नव्हतंच तेव्हा. बायका होत्या. माझ्या सासूबाईंचं लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी सासरे ड्युटीवर. पुढे वर्षातून दोनदा भेट, त्यातली एक गणपतीतली, म्हणजे ती बाई मोदक वळण्यात आणि पाहुण्यांची उष्टी काढण्यात. राब भाजणं, चिखलणी, लावणी, झोडणी, म्हशीचं, तिच्या सासऱ्याचं आजारपण, सगळं तिने केलं. नांगर तेवढा बाईने धरायचा नाही, म्हणून नांगऱ्याची मिनतवारी, त्याला वेळेवर यायला लावणं, त्याची न्याहारी. मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावर. अंगठा त्यांचा, पैसे त्यांच्या कनवटीला. कुपनावर खाली दोन ओळी असायच्या, "मी खुशाल आहे. म्हशीला जप." सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पोस्टमन अंगणात उभा राहून मोठ्याने वाचायचा, सगळ्या वाडीला कळायचं म्हशीला जपायचंय.

मनीऑर्डरवर कोकण चाललं म्हणतात. मनीऑर्डर कमी पडायची ते कोणी चालवलं?

आणि गाव खरं रिकामं झालं ते कधी, तर बायका पण निघाल्या तेव्हा. 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्याच नाहीत. एकट्याच्या पगारावर गाव आणि मुंबई दोन चुली चालत होत्या त्या बंद. मग ज्याला जमलं त्याने नालासोपारा, दिवा, डोंबिवलीला छोटी रूम घेतली आणि बायकोपोरांना बोलावलं, बायको पण घरकाम, पॅकिंग, पाळणाघर काहीतरी करायला लागली. सासूबाई 1986 ला आल्या. गाव आठवतं का विचारलं की म्हणतात, "आठवतं की. कंबर दुखली की आठवतं."

शिवडी_नाका

उंबरठा ताई 🙏 हे माझ्या आजोबांच्या खोलीच्या गोष्टीत कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

रोखठोक_राव

एवढं सगळं वाचलं. साधी गोष्ट आहे, कोकणी माणूस प्रत्येक प्रोजेक्टला विरोध करतो आणि मग रोजगार नाही म्हणून मुंबईला पळतो. एन्रॉनचा वीजप्रकल्प नको, नाणारची रिफायनरी नको, बारसूची नको. मग काय हवं? फणस?

वरकस

रोखठोक, माणसं 1870 पासून जातायत, एन्रॉन 1990 नंतर आलं. निदान कालक्रम तरी पाळा.

बाणकोट_खाडी

लोटे परशुरामची एमआयडीसी आहेच की आमच्या शेजारी. खाडीत मासे मरून वर आलेले बघितलेत कधी? मच्छीमाराची नोकरी त्या कंपनीत नाही लागत, तिथे लागतो आयटीआयवाला. म्हणजे एक गाव येतं आणि एक जातं. प्रोजेक्ट नको असं मी म्हणत नाही, पण हिशेब पूर्ण मांडा.

रोखठोक_राव

मग बसा फणस खात 😄

कातळकर

राव, प्रोजेक्टवर आधीच दोन धागे आहेत, तिकडे दोनशे-दोनशे प्रतिसाद झालेत, तिकडे घाला हाणामारी. इथे नको.

कोयनाकाठ

थोडं विषयांतर. तुम्ही सगळे "का गेले" विचारताय. आम्हाला कोणी विचारलंच नाही. कोयनेचं धरण झालं, शिवसागर जलाशयात गाव गेलं, वडिलांना उचलून रायगडात आणून टाकलं, काहींना सोलापूर-सांगलीकडे. डोंगरातला माणूस एकदम सपाटीवर, भाषा, हवा, देव सगळं वेगळं. वीज महाराष्ट्राला मिळाली, पुनर्वसनाच्या फायली अजून फिरतायत. मुंबईला जाणाऱ्याला गणपतीला परत यायला घर तरी असतं. आमचं पाण्याखाली.

बांद्याचो_झील

ह्या वाचून गप रवलंय.

परत_गावी

मी उलटा आलेलो माणूस. आयटीत होतो, 2020 च्या मे मध्ये गावी आलो, शाळेत चौदा दिवस क्वारंटाइन, गावातले लांबून बघतायत जसा काही मीच व्हायरस. तरी राहिलो. आता आंबा-काजू बघतो. "का जातात" याचं आजचं उत्तर हवं असेल तर घ्या, सगळं डोळ्यासमोरचं आहे.

पहिलं म्हणजे वानर आणि डुक्कर. शेजारची खाचरं ओसाड पडली, तिथे रान माजलं, रानात डुक्कर, आणि ते माझ्या भातात. एकाने शेती सोडली की पुढच्याला सोडावीच लागते. नाचणी तर आमच्या वाडीत कोणी पेरतच नाही, वानरांना घालायला कोण पेरणार.

दुसरं लग्न. माझं वय 34. मुलीकडचे बाग बघतात, घर बघतात, हापूस खाऊन जातात आणि मग फोन येतो, "मुंबईत रूम आहे का?" शेतकऱ्याला मुलगी नको हे महाराष्ट्रभर आहे, पण इथे मुलीची आईच आयुष्यभर लावणी लावून मुंबईला पोचलेली असते, ती मुलीला परत चिखलात कशी पाठवेल? उंबरठा ताईंचं वाचल्यावर तर मला त्या सगळ्या आयांचा रागसुद्धा येत नाहीये.

तिसरं, आणि हे मुंबईकरांसाठी, सातबारा. माझ्या घराच्या सातबारावर तीस-पस्तीस नावं आहेत. पणजोबा वारले, आजोबा वारले, सगळ्यांचे वारस चढले. निम्मे कुठे आहेत माहीत नाही, एक चुलत आत्या बडोद्याला. योजना आली की सगळ्यांची संमती आणा, कर्ज मागायला गेलो की संमती आणा, शेततळं म्हटलं की संमती. एकजणसुद्धा गावात राहत नाही, एकजणसुद्धा हक्क सोडत नाही. तुम्ही गेलात यात माझी तक्रार नाही, जाताना जमीन खिशात घालून गेलात ही आहे.

कातळकर

बापरे. आमच्या सातबारावर पण माझं नाव आहे, चुलतभाऊ गावात कसतो. त्याने कधी काही बोलून दाखवलं नाही.

परत_गावी

तो बोलणार नाही. तुम्ही गणपतीला चार दिवस येता, त्यात कोण विषय काढणार.

आणि गंमत अशी की गाव रिकामं म्हणता पण माझ्या बागेत माणसं आहेत. नेपाळी. पावसाळा संपला की येतात, आंबा उतरेपर्यंत राहतात, राखण करतात, फवारणी, काढणी सगळं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींवर जा, खलाशी नेपाळी. माझ्याकडे जो आहे तो पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या शेजारच्या बागेतला त्याचा मेव्हणा त्याला घेऊन आला. आता दोन भाच्यांना आणलंय. शेडमध्ये चौघं राहतात, पाळीपाळीने जेवण करतात, महिन्याला घरी पैसे पाठवतात. बायको तिकडे डोंगरात मका लावते.

शिवडी_नाका

म्हणजे तुझी शेड म्हणजे त्यांची गावकीची खोली की रे!

मंडणगड_लोकल

फरक एवढाच की यांना युनियन नाही. गिरणीत निदान ती तरी होती. सीझनमध्ये कोणी झाडावरून पडला तर खर्च कोण करतं परत_गावी? खरं सांगा.

परत_गावी

मी करतो. सगळे करत नाहीत, हे पण खरं.

बालाघाट

त्यांला उचल देता का?

परत_गावी

जायच्या आधी घरी पाठवायला थोडे आगाऊ मागतात, ते देतो. पुढच्या वर्षी तेच यावेत म्हणून. हो, कळलं तुम्ही काय म्हणताय ते.

बरं, कोणाला कायद्यातलं कळत असेल तर सांगा, जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडून वाटप करून घ्यायचं म्हणजे सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते ना? कोणी केलंय का?

वरकस

हो, सगळ्यांची लागते. संमती असेल तर तहसीलदार वाटप करून देतात. एकजण जरी आडवा आला तर दिवाणी कोर्ट, आणि ते म्हणजे पुढच्या पिढीला वारसा. आधी वारस नोंदी पूर्ण करून घे, मयत माणसाची नावं तशीच असतील तर अर्ज तिथेच अडकतो.

शिवडी_नाका

आणि सह्या घ्यायला गणपतीत नको बसू, गणपतीत सगळे भांडायलाच आलेले असतात. मुंबईला ये. तुमच्या गावची खोली आहे का अजून? रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागली की बघ, ज्याचं तोंड वीस वर्षांत दिसलं नाही तोसुद्धा भाडेपावती घेऊन हजर असतो. तिथेच कागद पुढे कर.

परत_गावी

आहे, करी रोडला. मीटिंग पुढच्या महिन्यात आहे म्हणतायत.

उंबरठा

मग जा. आणि फक्त पुरुषांच्या सह्या घेऊन येऊ नकोस, लेकींची नावं पण असतात सातबाराला. बडोद्याच्या आत्याला आधी फोन कर.